जवसाचा समुद्र

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेत. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आठ-दहा किलोमीटरवर पवनार येतं. धाम नदी, तिच्यावरचा पूल, पात्रातली छत्री आणि काठाच्या टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम. तिकडे आपण जाणारच आहोत, पण आधी रस्ता सोडून वावरात उतरा. बुटांना दव लागेल, लागू द्या. तूर ओलांडा, हरभऱ्याच्या कडेकडेने धुऱ्यावरून चाला. पुढे एक अरुंद पट्टा आहे. गुडघ्याच्या थोडं वर आलेलं, बारीक काडीचं पीक, आणि त्याच्या शेंड्यावर निळी फुलं. वारा आला की सगळा पट्टा एकदम एका बाजूला कलतो, मग सावकाश परत येतो.

हे जवस. तोडायला हात लावू नका, बोट लागताच पाकळ्या गळतात. पाच पाकळ्या, त्यांवर गडद निळ्या शिरा, मध्ये फिकट. जवळून पाहिलं तर एकेक फूल वेगळं असतं. चार पावलं मागे सरलात की फूल नाहीसं होतं आणि नुसतं निळं उरतं. चित्र पाहताना माणसं ही चार पावलं मागे सरायला विसरतात, पण ते नंतर.

वावराची मालकीण तुमच्याकडे बघत उभी आहे. "कुठून आले जी तुम्ही?" तुम्ही सांगता. ती हसते. "आता कोन पेरते जवस? सारी पऱ्हाटी अन् सोयाबीन. हे आपलं घरच्यापुरतं हाये." मग घरातून गेल्या सालचं मूठभर जवस आणून तुमच्या हातावर ठेवते. "घ्या नं, चटनी करजा."

तपकिरी, चकचकीत, चपटे दाणे. इतके गुळगुळीत की मुठीतून पाण्यासारखे निसटतात. खिशात टाका. वाटेत उपयोगी पडतील.

आता नदीकडे वळा. इथून अरबी समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आणि या नदीच्या पाण्याला तो दिसतही नाही. ते इतर नद्यांना मिळत मिळत गोदावरीत जातं आणि थेट पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. पवनारइतकं समुद्रापासून लांबचं गाव समुद्राच्या रंगांवर बोलण्यासाठी कुणी निवडणार नाही. म्हणूनच तुम्हाला इथे आणलं.

आधी रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज थांबतो. मग विजेच्या तारा जातात, मग पूल. नदी तशीच राहते, काठ मात्र उंच होतो आणि त्यावर विटांच्या भिंती उभ्या राहतात. तुम्ही पाचव्या शतकात आहात. गावाचं नाव प्रवरपूर. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजेच वाकाटक राजघराण्याची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली इथे उत्खनन केलं. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झालं आणि काही अभ्यासकांनी हा मान तिकडे दिला. वाद मिटलेला नाही. आपण मिराशींच्या बाजूने उभे आहोत, कारण आजचं तिकीट त्यांच्याच खिडकीवर काढलंय.

वाड्याच्या ओसरीवर राजा बसला आहे. दुसरा प्रवरसेन. आई प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नंदिवर्धनची, आजच्या नगरधनची, राजधानी सोडून यानेच हे नवं नगर वसवलं. एका बाजूला ताम्रपट कोरणारा बसला आहे. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकटी, जणू प्रत्येक अक्षर पेटी घेऊन चाललंय. ती जमिनीच्या दानाची कामं. राजाचं लक्ष तिकडे नाही. तो पुटपुटतोय, आणि तुम्ही कान देता तेव्हा पहिल्यांदा दचकता. हे संस्कृत नाही. 'समुद्द', तो म्हणतो. मग 'साअर'. व्यंजनं गळालेली, कडा झिजलेल्या, नदीतल्या गोट्यासारखी भाषा. महाराष्ट्री प्राकृत. तुमच्या मराठीची पणजी म्हणा.

तो 'सेतुबंध' रचतोय. पंधरा आश्वासकांचं, म्हणजे सर्गांचं, काव्य, शरद ऋतूपासून रावणवधापर्यंत. रामाची सेना किनाऱ्याला पोचते आणि दुसऱ्या आश्वासकात कथा थांबते, कारण समोर समुद्र आहे. मग कवी समुद्रच सांगू लागतो. किती मोठा, किती काळा, पोटात आग, तळाशी पोवळी, चंद्र दिसला की फुगणारा. एक उपमा संपत नाही तोवर दुसरी.

तुम्ही राजाची नजर जाते तिकडे बघता. खाली धाम नदी. हिवाळ्यात गुडघाभर पाणी, खडकांतून वाट काढणारं, एक बाई त्यात घागर बुडवतेय. त्याच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. रामायण होतं, आधीच्या कवींचे शब्द होते, आणि हे गुडघाभर पाणी.

खरं सांगायचं तर या वर्णनांनी कधीकधी दमायला होतं. एवढ्या उपमांखाली समुद्र बुडतो. पाचव्या आश्वासकात राम बाण सोडतो, पाणी पेटतं, उकळतं, तळ वर येतो, आणि तिथे मात्र वाचताना मान वर होत नाही. तिथे समुद्र कशासारखा आहे हा प्रश्नच उरत नाही, नुसती हालचाल उरते. दंडीने 'काव्यादर्शा'त या काव्याचा गौरव केला. बाणभट्टाने म्हटलं की प्रवरसेनाची कीर्ती त्याच्या सेतूवरून समुद्रापार गेली. बाणाला शब्दांचा खेळ करायचा होता, पण तो खरा ठरला: नवव्या शतकाच्या अखेरीस कंबोडियात यशोवर्मन राजाच्या शिलालेखात 'प्राकृत सेतू' रचणाऱ्या प्रवरसेनाचं नाव आलं. किनारा नसलेल्या राजाचा समुद्र समुद्र ओलांडून गेला.

खिशातले दाणे बाहेर काढा आणि राजाला दाखवा. तो ओळखेल. अतसी. या फुलाचा निळा विष्णूच्या अंगकांतीला देतात, हे त्याला सांगायला नको. त्याची आई विष्णूची भक्त होती. अतसीची पुढे अळशी झाली. पण या दाण्यांतून तेल काढायचं, त्यात खडूसारखा रंग खलायचा आणि कापडावर लावायचा, हे त्याला कुणी सांगितलं तर तो हसेल. तेल दिव्याला आणि पोटाला.

निळा रंग त्याच्या वंशाच्या माणसांना ठाऊक होता. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मला, आजच्या वाशीमला होती. त्या शाखेचा राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, आणि वराहदेवाने खोदवून घेतलेलं अजिंठ्याचं सोळावं लेणं. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तो खोल, न विझणारा निळा लाजवर्दी दगडाचा आहे. दगड बदख्शानच्या खाणींतला, अफगाणिस्तानातला. युरोपात तोच रंग समुद्रापलीकडून आला म्हणून त्याचं नावच 'समुद्रापलीकडचा' असं पडलं, अल्ट्रामरीन. इथे तो उंटाबैलांच्या पाठीवरून, कोरड्या पायांनी आला. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाने तो भट्टीत बनवला आणि सोन्याच्या भावाचा निळा एकदम स्वस्त झाला. इतका, की तुमच्या आजीने धोतरं पांढरी दिसावीत म्हणून बादलीत टाकलेली नीळ हीच. एकाच निळ्याचे हे तीन जन्म, त्यांतला शेवटचा मला सगळ्यांत आवडतो.

पुढे चला. भिंती खचतात, त्यांच्यावर माती चढते, मातीवर गवत, गवतावर शतकं. १९३८.

टेकाडावर जमनालाल बजाजांचा लाल बंगला आहे. प्रकृती ढासळलेले विनोबा इथे आलेत. गांधीजींचा आग्रह होता हवापालटाचा, डोंगरावर जाण्याचा. विनोबांनी पवनार निवडलं. पूल ओलांडताना सगळी चिंता टाकल्याचा संकल्प केला आणि इथे आल्यावर कुदळ घेतली. रोज थोडं खणायचं. कुदळ चालली तशी तब्येतही सुधारत गेली.

तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभे आहात. अंगावर पंचा, हाडं मोजता येतील असा माणूस, कुदळीचा आवाज: माती, माती, माती, मग टण्ण. दगड. हाताने माती बाजूला होते. खांदा दिसतो, मग दुसरा, मग चेहरा. शिल्प वर येतं आणि त्यात विनोबांना भरत-रामाची भेट दिसते. (पवनारच्या शिल्पांत नेमकं काय कोरलंय यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. मिराशींनी त्यांत रामकथा पाहिली, इतरांना वेगळं दिसलं. तुम्ही आत्ता खड्ड्यात उतरून वाद घालू नका.)

विनोबांच्या चेहऱ्याकडे बघा. सहा वर्षांपूर्वी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात ते कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. बाराव्या अध्यायाशी आले तेव्हा त्यांनी रामाचे दोन भाऊ पुढे केले. लक्ष्मण रामाच्या जवळ राहिला. त्याला राम रोज दिसला. तो सगुण भक्त. भरत चौदा वर्षं लांब राहिला. त्याच्याकडे राम नव्हता, रामाचं काम होतं. तो निर्गुण भक्त. आणि राम-भरताची भेट कुणी चितारली तर काय सुंदर चित्र होईल, असं तिथे ते बोलून गेले होते. कुणी चित्रकार पुढे आला नाही. चित्र जमिनीतून आलं, दगडात, विनोबांच्याच कुदळीखाली.

आपल्याकडे चित्रांबद्दल बोलताना 'अमूर्त' हा शब्द वापरतात, आणि तो शब्द ऐकताच प्रेक्षक घड्याळाकडे बघतो. ज्यात काही नाही ते अमूर्त, असं त्याला वाटतं. निर्गुण म्हटलं असतं तर गोंधळ कमी झाला असता. निर्गुण म्हणजे काही नसणं नव्हे, हे भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यालाही कळतं. भरताकडे राम नव्हता असं कोण म्हणेल?

हे घेऊन पुढच्या गाडीत बसा. तेवीस वर्षं पुढे आणि सहाशे किलोमीटर पश्चिमेला. १९६१, जुलै, मुंबई.

वॉर्डन रोड. भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था, जुना बंगला. गच्चीवर इब्राहिम अल्काझींच्या नाटकमंडळींची तालीम, खालच्या कुठल्या खोलीतून सतार. रविशंकरांची 'किन्नर' शाळा पुढे इथेच सुरू झाली. आणि मागे, इतका जवळ की भिंतींना ओल धरलीय, समुद्र.

जिना चढा. दार लोटण्याआधी नाकाला काहीतरी लागतं. थांबा. खिशात हात घाला, दाणे बोटांनी चिरडा, हुंगा. तोच वास. कच्चा, थोडा कडवट, तेलकट. पवनारच्या वावरातला हा वास मुंबईच्या खोलीत आहे, कारण तैलरंगाचं तेल म्हणजे बहुतेक वेळा जवसाचं तेल. लहानपणी नव्या बॅटला चोळलं होतं ना, तेच. पाणी उडून जातं, म्हणून जलरंग वाळतो. जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, आतल्या आत गुंफत जातं आणि पातळ, घट्ट, पारदर्शक पापुद्रा बनतं. त्याला दिवस लागतात, जाड थर असेल तर आठवडे, महिने. रंगाच्या कणांना ते बंदिस्त करतं आणि प्रकाशाला आत शिरू देतं. प्रकाश खालच्या थरापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून तैलचित्रातलं निळं पृष्ठभागावर नसतं, आत असतं. पाण्यातलंही असंच असतं.

खोलीत चित्रकार वासुदेव गायतोंडे आहेत. जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात, १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. म्हणजे तुमच्या जवसाच्या वावरापासून सत्तर-एक किलोमीटरवर जन्मलेला माणूस. तुम्ही नमस्कार करता. मान हलते. बोलणं नाही. मनाला लावून घेऊ नका, ते फार कुणाशी बोलत नसत.

भिंतीला कॅनव्हास. निळसर, करडं, त्यात कुठेतरी हिरवं आणि कुठेतरी जुन्या चांदीसारखं. रंग ब्रशने लावलेला नाही. सुरीने ओढलाय, रूळ फिरवलाय, खरवडलाय, त्यावर पुन्हा थर. आडवे, तुटक, जाड आकार मध्येच पृष्ठभागावर तरंगल्यासारखे. मन लगेच हुशारी करतं: ही होडी, हे क्षितिज, हा खडक. आणि हा समुद्र, अर्थातच.

आता खिडकीशी जा. जुलैतला अरबी समुद्र बघा. तो निळा नाही. मातकट आहे, गढूळ चहासारखा, वर मळका फेस. मुंबईचा समुद्र वर्षातले कितीतरी महिने राखाडी-तपकिरी असतो. निळा असतो तो दिनदर्शिकेवर. पुन्हा कॅनव्हासकडे या. पुन्हा खिडकीकडे. हवं तेवढ्या फेऱ्या मारा, कुणी अडवणार नाही. एकही रंग जुळत नाही.

मग हे निळं आलं कुठून?

गायतोंडे समुद्राकडे तासन् तास बघत बसत, असं त्यांच्या ओळखीतले लोक सांगत आले आहेत. मग आत येऊन रंगवत. माझं मत असं आहे की त्यांनी प्रवरसेनाच्या उलट काम केलं. राजाकडे समुद्र नव्हता म्हणून त्याने तो उपमांनी भरून काढला. गायतोंड्यांच्या खिडकीत समुद्र होता, त्यांनी एकेक उपमा काढून टाकली. होडी काढली, लाट काढली, किनारा काढला, शेवटी निळेपणाचंही बंधन काढलं. जे उरलं त्यात खोली आहे, ओल आहे, आणि काहीतरी वर येतंय की खाली चाललंय हे न कळणं आहे. समुद्राशेजारी राहूनही त्यांनी भरताचा मार्ग धरला. 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' हा शब्द त्यांनाही आवडत नसे. आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे, म्हणजे त्यामागे कुठली वस्तूच नाही, असं ते म्हणत. चित्रांना नावंही देत नसत.

थर ओला आहे. ते खुर्चीत बसून राहतात. जवसाच्या तेलाला घाई करता येत नाही, आणि या माणसाला ती करायचीही नाही. पुढच्या काळात वर्षाला पाच-सहाच चित्रं त्यांच्या हातून होणार आहेत. तुम्हीही जमिनीवर बसा. वरच्या तालमीत कुणीतरी तेच वाक्य सातव्यांदा म्हणतंय. भरती चढतेय. तासभर काहीही घडत नाही, आणि या सगळ्या प्रवासातला हा तास मी तुम्हाला आवर्जून द्यायचा ठरवला होता.

यापुढचं भराभर बघून घ्या. १९६४, रॉकफेलर शिष्यवृत्ती, न्यू यॉर्क. १९७१, पद्मश्री. १९७२, दिल्ली, निझामुद्दीनची खोली. तिथे समुद्र नाही, काही नाही, आणि चित्रं पहिल्यापेक्षा खोल. १९८४ साली अपघात, बरीच वर्षं मोठा कॅनव्हास बंद. २००१ साली मृत्यू. २०१४ साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन. मार्च २०२१, सॅफ्रनआर्टचा लिलाव: १९६१ सालचं, शीर्षक नसलेलं, पाण्यातून प्रकाश झिरपावा तसं निळसर तैलचित्र, ३९ कोटी ९८ लाख रुपये. त्या वेळी लिलावात भारतीय चित्राला मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. तुम्ही त्या जुलैत ओलं असताना पाहिलंत ते हेच होतं की दुसरं, याची चौकशी करू नका. आकडा कानावर पडला की डोळ्यांना चित्र दिसेनासं होतं.

ट्रकांचा आवाज परत आलाय. पूल जागेवर आहे. दुपार झाली. आश्रमात जा, १९५९ पासून तिथे ब्रह्मविद्या मंदिराच्या बहिणी राहतात, त्यांनी जमिनीतून निघालेली शिल्पं सांभाळली आहेत. भरत-रामाच्या शिल्पापुढे थोडं उभं राहा. ते निळं नाही, त्यात समुद्रही नाही.

परतताना वावराकडे वळलात तर पट्टा हिरवा दिसेल. निळं गेलंय. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकतं. काड्यांच्या बुडाशी, ढेकळांवर निळे कपटे पडलेत. मालकीण बंधाऱ्याकडे निघालीय. "गेले नं फुलं," ती म्हणते, "उद्या येजा."

डिसेंबर-जानेवारीत जा, आणि नऊच्या आत पोचा.